अपघाती मृत्यूची भरपाई : कलम 164 की कलम 166?

घरातला कमावता माणूस रस्ते अपघातात गेला, तर वारसांना मोटार वाहन कायद्यात दोन वाटा आहेत. सध्याची रचना 1 एप्रिल 2022 पासून लागू आहे.

कलम 164 : चूक कोणाची हे सिद्ध करावं लागत नाही. मृत्यूला 5 लाख, गंभीर दुखापतीला अडीच लाख. वय-पगार कोणी विचारत नाही.

कलम 166 : समोरच्या चालकाचा निष्काळजीपणा दाखवावा लागतो, पण रकमेला कमाल मर्यादा नाही. हिशेब असा. वय 32, स्वतःचा धंदा, महिना 15,000, म्हणजे वर्षाला 1,80,000. भावी वाढीचे 40 टक्के मिळवले की 2,52,000. मागे पत्नी आणि दोन मुलं, म्हणून त्याच्या स्वतःच्या खर्चापोटी एक तृतीयांश वजा : 1,68,000. या वयाचा गुणक, म्हणजे वर्षाच्या रकमेला ज्याने गुणायचं तो आकडा, 16. झाले 26,88,000, अंत्यविधी वगैरे वेगळं. निम्मी चूक मृताची ठरली तरी हातात 13,44,000 पडतात. (गुणक सर्वोच्च न्यायालयाच्या सरला वर्मा निकालातला, 2009, टक्केवारी त्याच न्यायालयाच्या प्रणय सेठी निकालातली, 2017.)

मग 164 कोणी घ्यावं? पोलिसांचं आरोपपत्र मृतावरच असेल आणि साक्षीदार नसेल, त्यांनी. बाकीच्यांनी घाई करू नये, कारण खरी मेख पुढे आहे : कलम 149 नुसार विमा कंपनीने देऊ केलेली 164 ची रक्कम स्वीकारली की 166 चा दावा संपतो. जुन्या कलम 140 चे 50,000 आधी घेऊन मोठा दावा चालू ठेवता यायचा. तो अनुभव इथे धरू नका.

166 मध्ये दावे अडतात ते बहुधा मिळकतीवर. धंदा रोखीचा आणि विवरणपत्र भरलेलं नाही, की दावा ऐकणारं मोटार अपघात दावा प्राधिकरण अंदाजाने आकडा धरतं आणि तो कमीच असतो. बँकेचा उतारा, जीएसटीची कागदपत्रं, दुकानाचा परवाना, जे असेल ते जोडा. मुदत अपघातापासून सहा महिने. अपघात बेळगावजवळ झाला तरी साताऱ्यात राहणाऱ्या वारसांना साताऱ्यात दावा लावता येतो.

ही रचना राजकीय तडजोडीतून आली. 2016 च्या विधेयकात मृत्यूसाठी विमा कंपनीचं दायित्व 10 लाखांवर रोखायचं होतं. तृतीय पक्ष विम्याचा (वाहनामुळे दुसऱ्याला झालेल्या हानीच्या विम्याचा) हप्ता सरकार ठरवतं आणि दायित्व मात्र अमर्याद, ही कंपन्यांची जुनी तक्रार. मर्यादा विरोधामुळे गेली. सहा महिन्यांची मुदत आणि 'घेतलं की दावा संपला' ही अट मात्र कायद्यात आली. आमच्या मते कंपन्यांना मर्यादेइतकाच फायदा याच दोन गोष्टींतून होऊ शकतो, कारण दुखवट्याच्या घरात 5 लाखांच्या कागदावर सही लवकर होते.