शाळेवर सोलर बसवताय? आधी मीटर मोजा

चोपडा तालुक्यातल्या आमच्या शाळेवर 10 किलोवॅटचं सोलर बसवून दीड वर्ष झालं म्हणून लिहितोय. एजन्सीचं काम पक्कं आहे, मे महिन्यातल्या वावटळीत स्ट्रक्चर हललं पण नाही, नेट मीटरचे (महावितरणकडून घेतलेली आणि सोलरची उरून त्यांना दिलेली वीज, दोन्ही मोजणारं मीटर) कागद त्यांनीच फिरवले, फोन केला की माणूस येतो. पण एक गोष्ट त्यांनी आधी सांगायलाच पाहिजे होती.

आमच्या आवारात तीन मीटर आहेत, जुनी इमारत, ज्युनिअर कॉलेज आणि बोअरची मोटार. सोलर जोडलं जुन्या इमारतीला. आम्ही समजलो शाळा एक, संस्था एक, म्हणजे युनिट तिन्हीकडे वळते होतील. साध्या नेट मीटरिंगमधे तसं होत नाही, ज्या ग्राहक क्रमांकावर सोलर आहे त्याच बिलातून युनिट वजा होतात. पहिल्या महिन्यात शिपाईमामा तिन्ही बिलं घेऊन ऑफिसात आले, एकावर एक्स्पोर्टची, म्हणजे बाहेर दिलेल्या युनिटची, भलीमोठी शिल्लक आणि कॉलेजचं बिल जसंच्या तसं. "सर, बिल त येसच ना!" मला काही बोलता येईना. शेवटी कॉलेजची लाईन जुन्या मीटरवर घेतली, लोड वाढवला, दुसरं मीटर बंद केलं, त्यात चार महिने गेले आणि वायरिंगचा खर्च वेगळा. हेच सोलर बसवायच्या आधी केलं असतं तर वाढलेल्या लोडवर मोठा प्लांट पण घेता आला असता, कारण मंजूर लोडपेक्षा जास्त किलोवॅट मिळत नाही.

आता चांगली बाजू. क्रेडिटचं, म्हणजे शिल्लक युनिट पुढच्या बिलात वळते करायचं, वर्ष 1 एप्रिल ते 31 मार्च असतं आणि शाळेला ते फार सोयीचं पडतं. आपल्याकडे मे मधे ऊन रग्गड आणि शाळेला सुट्टी, पंखे बंद, दिवसाला सरासरी 40 च्या आसपास युनिट तयार होतात ते जवळजवळ सगळे ग्रीडमधे, म्हणजे महावितरणच्या लाईनीत, जातात आणि शिल्लक पडतात, मग पावसाळ्यात ढग असले की तेच कामी येतात. मार्चअखेर उरले तर पैसे मिळतात पण आपण भरतो त्यापेक्षा बऱ्याच कमी दराने, म्हणून उगाच मोठा प्लांट घेऊ नका. स्थिर आकार तर शून्य युनिटला पण भरावाच लागतो. आणि केंद्राच्या पीएम सूर्यघर योजनेची 78,000 ची सबसिडी घरांसाठी आहे, शाळेच्या हिशोबात धरू नका.

पॅनल पहाटेच धुवा, तापलेल्या काचेवर गार पाणी टाकू नका.

एजन्सीला चार स्टार. पाचवा कापला, कारण साईट बघायला आलेल्या माणसाने तिन्ही मीटरचे फोटो काढले होते आणि तरी एक शब्द बोलला नाही.