हिप रिप्लेसमेंटनंतर वाटी मोडली: आईच्या दुसऱ्या ऑपरेशनचा अनुभव

आईचं हिप रिप्लेसमेंट झालं होतं, म्हणजे खुब्याचा सांधा बदलला होता: कमरेच्या हाडातल्या वाटीत कृत्रिम कप, मांडीच्या हाडात दांडा आणि दांड्याच्या तोंडावर कपात फिरणारा बॉल. आई दादरच्या घरी बाथरूममध्ये घसरली आणि कृत्रिम कप ज्या हाडात बसवला होता ती खुब्याची वाटीच मोडली. रिप्लेसमेंटनंतर मांडीचं हाड मोडणं जास्त दिसतं, वाटी क्वचितच.

परळच्या सर्जननी साध्या एक्स-रेवर न थांबता तिरपे एक्स-रे आणि सीटी सांगितलं, तेव्हा उगाच बिल वाढवतायत असं वाटलं. आता तसं म्हणणार नाही. कप हाडात घट्ट आहे की सुटलाय, यावरच सगळं ठरतं. घट्ट असेल आणि हाड फारसं सरकलं नसेल, तर पायावर भार न देता हाड जुळू देतात. आईचा कप सुटला होता. मागून प्लेट लावून हाड सांधलं आणि मोठा, जास्त भोकांचा कप स्क्रूंनी बसवला. मांडीतला दांडा पक्का होता, तो तसाच ठेवला.

पण दांडा जुना, तर नवा बॉल त्याच्याच तोंडावर बसणारा हवा. त्यासाठी कंपनी, मॉडेल, साइज कळायला हवं. हे सगळं इम्प्लांटच्या खोक्यातल्या स्टिकरवर असतं आणि ते स्टिकर ऑपरेशनच्या कागदांवर चिकटवतात. आमच्या डिस्चार्ज कार्डावर एकही नव्हता! पहिल्या हॉस्पिटलात आधी म्हणे अर्ज करा, मग साहेब रजेवर, मग फाइल गोदामात. इकडे आई कळा सोसतेय. मेडिकल कौन्सिलच्या २००२ च्या नियमांप्रमाणे रेकॉर्ड तीन वर्षं ठेवावं लागतं आणि मागितल्यावर ७२ तासांत द्यावं लागतं. आईच्या पहिल्या ऑपरेशनला तेवढी वर्षं झालीही नव्हती. अर्जाला नियमाची प्रत जोडली, तेव्हा कुठे फाइल निघाली. अजूनही संताप होतो. तुमच्या घरी कुणाचं ऑपरेशन असेल, तर डिस्चार्जच्या दिवशीच स्टिकरची झेरॉक्स मागून घ्या.

बिलात प्रत्येक स्क्रू वेगळा लावला होता. सरकारने २०१७ मध्ये गुडघ्याच्या इम्प्लांटच्या किमतींना मर्यादा घातली, त्यात खुबा आला नाही. इम्प्लांटचं कोटेशन आधी लेखी घ्या.

नंतरचे महिने वॉकरचे. सुरुवातीला पाय जमिनीला नुसता टेकवायचा, भार नाही. खुबा ९० अंशांपेक्षा जास्त वाकवायचा नाही, म्हणून कमोडवर उंच सीट बसवली. आता आई काठी घेऊन भाजीला जाते. थोडी लंगडते, पण दुखत नाही म्हणते. फिजिओ चालू आहे.