शॅमेलिऑनचं ‘बिगिनर किट’: पिंजरा ठेवा, दिवा बदला

शॅमेलिऑन म्हणजे रंग बदलणारा सरडा. तो पहिल्यांदा पाळणाऱ्यांसाठी ‘शॅमेलिऑन बिगिनर किट’ या नावानं ऑनलाइन आणि मोठ्या पेट शॉपमध्ये जे खोकं मिळतं, ते आतून बहुतेक सारखंच असतं, वरचा स्टिकर तेवढा वेगळा. उघडल्यावर साधारण हे निघतं: ४५×४५×९० सेंमीचा अ‍ॅल्युमिनियम जाळीचा पिंजरा, वेटोळ्याचा यूव्हीबी (अतिनील किरणांचा) दिवा, ७५ वॉटचा उष्णतेचा बल्ब, रात्रीसाठी लाल बल्ब, चिकटवायचे दोन काट्याचे मीटर, धुकं करणारं यंत्र, प्लास्टिकची वेल, कोकोपीटची वीट आणि पांढऱ्या पावडरीची डबी. हे परीक्षण तीन ते सहा महिन्यांच्या व्हेल्ड शॅमेलिऑनच्या पिल्लासाठी आहे, तेही कोल्हापूरच्या हवेत. व्हेल्ड मूळचा येमेन आणि सौदी अरेबियाचा. पहिल्यांदा पाळणाऱ्यानं यापेक्षा नाजूक जातीकडे जाऊ नये. मादागास्करच्या पँथर शॅमेलिऑनचे रंग कितीही भुरळ घालोत.

पिंजरा चांगला आहे. जाळीतून हवा खेळते, आणि पावसाळ्यात भिंतींना ओल धरणाऱ्या आपल्या घरांत तीच सगळ्यात मोठी गरज असते. काचेच्या टाकीचं किट समोर आलं तर घेऊ नका. एकतर आतली हवा कोंडते, शिवाय काचेत स्वतःचं प्रतिबिंब बघून पिल्लू दिवसभर समोर दुसरा सरडा असल्यासारखं ताठरून बसतं. जाळी धातूचीच आहे ना, हे बोटानं दाबून बघा. काही खोक्यांत खिडकीची फायबरची मच्छरजाळी असते, ती रातकिडे कुरतडतात. पिंजऱ्याची खोट तळात आहे: पातळ प्लास्टिकचा ट्रे पाण्यानं मध्ये वाकतो आणि निचऱ्याला भोकच नसतं. मागच्या एका कोपऱ्यात ८ मिमीचं भोक पाडून खाली डबा ठेवा आणि समोरच्या दोन पायांखाली लाकडी पट्टी सारून उतार त्या कोपऱ्याकडे द्या.

पूर्ण वाढलेल्या नराला ६०×६०×१२० सेंमी जागा लागते, म्हणजे हा पिंजरा वर्षभरही पुरणार नाही. तेव्हा दुसरं खोकं मागवू नका. शिवाजी उद्यमनगरात किंवा स्लायडिंग खिडक्या करणाऱ्या कोणाकडेही अ‍ॅल्युमिनियम सेक्शनमध्ये तो करून मिळतो. सांगताना तीन गोष्टी सांगा: जाळीची कापलेली टोकं पट्टीखाली दाबायची, पुढचं दार वर-खाली असं दोन भागांत करायचं, तळाला पत्र्याची उतरती ट्रे द्यायची. दार दोन भागांत असलं की झाडांना हात लावायला खालचं तेवढं उघडता येतं, वर बसलेलं पिल्लू बिथरत नाही.

पिंजरा जमिनीवर ठेवू नका. वरची फांदी तुमच्या डोळ्यांच्या वर आली पाहिजे. वरून येणारी कुठलीही सावली पिल्लाच्या लेखी घारच असते.

प्लास्टिकची वेल सरळ बाजूला ठेवा. व्हेल्ड पानं चावतो, प्लास्टिकही चावेल. पेरू किंवा जांभळाच्या वाळलेल्या फांद्या घ्या. पिल्लासाठी पेन्सिलीएवढ्या, म्हणजे ६ ते १० मिमी जाडीच्या. त्या आडव्या-तिरक्या बांधा आणि मध्ये मनी प्लांट किंवा जास्वंदीची कुंडी ठेवा. नर्सरीतून आणलेल्या रोपावर कीटकनाशक असतंच असं धरून चाला: पानं धुवा, माती बदला, तीन-चार आठवडे थांबा. कण्हेर, शेर, डिफेनबॅकिया ही विषारी झाडं पिंजऱ्याच्या आसपासही नकोत. कोकोपीटची वीट बागेत घाला. ओल्या कोकोपीटला बुरशी येते, रातकिडे त्यात दडतात आणि भक्ष्याबरोबर जिभेला चिकटून ते पोटातही जातं. तळ उघडा ठेवा, फार तर वर्तमानपत्र.

आता दिवा. किटवर खरा राग इथे आहे, आणि तो सविस्तर सांगावा लागेल.

शॅमेलिऑनच्या कातडीत ड जीवनसत्त्व तयार होण्यासाठी यूव्हीबी किरण लागतात. त्याशिवाय पोटात गेलेलं कॅल्शियम हाडात उतरत नाही. वाढत्या पिल्लात हे फार लवकर दिसतं: पुढचे पाय कोपरात वाकतात, पकड सैल होते, जबडा रबरासारखा लागतो, जीभ अर्ध्यातच लोंबते. वाकलेलं हाड पुन्हा सरळ होत नाही. आणि हे सगळं अडवायला किटमध्ये काय, तर वेटोळ्याचा एक छोटा बल्ब! त्याचे किरण ठीक खाली एका पट्ट्यापुरते पडतात आणि अंतराबरोबर झपाट्यानं विरतात. पिल्लू फांदीवर वीतभर सरकलं की त्याच्या वाट्याला नुसता उजेड.

त्याऐवजी टी-५ एचओ प्रकारची सरळ नळी घ्या: २४ वॉट, साधारण ५५ सेंमी लांब, ५ किंवा ६ टक्क्यांची. वाळवंटी सरड्यांसाठी १० आणि १२ टक्क्यांच्या नळ्या येतात, त्या इथे नकोत. नळी बसवायची पट्टी मागे चकचकीत रिफ्लेक्टर असलेलीच हवी. साध्या टी-५ एलईडीच्या पट्टीत ही नळी चालत नाही. दिसायला जुळी असली तरी आत या नळीला लागणारी चोक नसते. नळी जाळीच्या छतावर ठेवली की जाळीच जवळपास तिसरा हिस्सा किरण अडवते, तो हिशेब धरून सगळ्यात वरची फांदी नळीखाली २० ते २५ सेंमीवर बांधा. तिथे यूव्ही निर्देशांक (किरणांच्या तीव्रतेचा आकडा) ३ च्या आसपास हवा. तो मोजणारा मीटर महाग असतो. पाळणाऱ्या चार-पाच जणांत मिळून एक घेतला तरी भागतं. नळी आणि फांदी यांच्यामध्ये काच किंवा अ‍ॅक्रिलिक येऊ देऊ नका, यूव्हीबी त्यातून पार होत नाही. खिडकीतलं ऊन म्हणूनच हिशेबात धरायचं नाही.

दिवा १२ तास चालू, १२ तास बंद. किटमध्ये टायमर नसतो, तो आणा. नळीच्या टोकाला मार्करनं तारीख लिहा आणि १२ महिन्यांनी बदला: उजेड तेवढाच दिसत राहतो, पण यूव्हीबी उतरलेलं असतं. इथेच माणसं फसतात.

कोल्हापुरात एक सोय मात्र फुकट आहे. पाऊस नसेल तेव्हा गॅलरीत जाळीचा पिंजरा सकाळी साडेआठ-नऊच्या उन्हात २०-३० मिनिटं ठेवा. अर्धा पिंजरा झाडाच्या सावलीत हवा आणि माणूस शेजारी. कावळा आणि मांजर दोघंही वाट बघत असतात.

उष्णतेचा ७५ वॉटचा बल्ब पिल्लाला जास्त आहे. वरच्या फांदीवर २७ ते २९ अंश सेल्सिअस पुरे. तेवढ्याला बहुतेक खोल्यांत ४० वॉटचा साधा पिवळा बल्ब भागवतो. किटमधले काट्याचे मीटर भिंतीचं तापमान सांगतात, तेही चुकीचं. वायरीला सेन्सर असलेला डिजिटल मीटर घ्या आणि सेन्सर फांदीवर, पाठीच्या उंचीला बांधा. बल्ब पिंजऱ्याच्या आत कधीच नको. पिल्लू जाळीला उलटं लटकून त्याला टेकतं आणि डोक्यावरचा तुरा भाजतो. तोंड उघडून, फिकट पडून बसलं तर गरम होतंय. सकाळी काळसर होऊन एक कूस दिव्याकडे करून बसलं तर ते ऊब घेतंय, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. एप्रिल-मेच्या दुपारी खोली ३० च्या वर गेली की हा बल्ब बंद आणि यूव्हीबी तेवढा चालू. लाल बल्ब कुठल्याच ऋतूत लावू नका. रात्री गारवा आणि मिट्ट काळोख हवा. आपल्याकडची थंडी बंद खोलीत या जातीला सहज सोसते.

शॅमेलिऑन वाटीतलं पाणी पीत नाही, पानावरचे थेंब चाटतो. किटमधल्या धुक्याच्या यंत्रानं थेंब होत नाहीत. शिवाय माहितीपत्रक ते दिवसा चालवायला सांगतं, आणि वरून दिव्याची ऊब, आत कोंदट वाफ हा छातीच्या संसर्गाचा सरळ रस्ता. धुकं फक्त उशिरा रात्री ते पहाटे, आणि तेही कोरड्या महिन्यांत, साधारण फेब्रुवारी ते मे. यंत्रात आरओचं पाणी घाला, बोअरच्या पाण्यानं पानांवर पांढरी भुकटी बसते. टाकी दोन-तीन दिवसांनी धुवून वाळवा.

पिण्यासाठी मेडिकलमधून सलाईनचा सेट आणा. सुई काढून टाका, नळी छतावरच्या बाटलीला जोडा आणि चाक फिरवून दोन सेकंदांना एक थेंब मनी प्लांटच्या पानावर पडेल असं लावा. रोज २०-३० मिनिटं. दिवा लागायच्या आधी आणि विझल्यावर हातपंपाच्या स्प्रेनं दोन-दोन मिनिटं बारीक फवारा; दिवसा पानं कोरडी झालीच पाहिजेत. जून ते सप्टेंबर हवेतच ओल असते, तेव्हा रात्रीचा फवारा बंद ठेवा, सकाळचा एकच. चार दिवस झड लागली आणि पानं वाळेनात, तर छोटा टेबल फॅन पिंजऱ्याकडे नाही, भिंतीकडे तोंड करून लावा. विष्ठेबरोबर येणारा घट्ट भाग पांढरा असेल तर पाणी पुरतंय. पिवळा-नारिंगी असेल तर कमी पडतंय. दिवसा डोळे मिटून बसलेलं पिल्लू झोपाळू नसतं, आजारी असतं. मान वर करून तोंडानं श्वास घेत असेल, आवाज येत असेल, तर त्याच दिवशी सरपटणारे प्राणी बघणारा पशुवैद्य गाठा. तो कोण, हे पिल्लू आणण्याआधी फोन करून विचारून ठेवा. कुत्र्या-मांजरांचा प्रत्येक डॉक्टर हे काम घेत नाही.

पावडरीच्या डबीवर लिहिलेलं असतं, ‘रोज वापरा’. रोज वापरू नका. ते डी-३ (ड जीवनसत्त्वाचा एक प्रकार) घातलेलं कॅल्शियम आहे. डी-३ शरीरात साठतं आणि जास्त झालं की कॅल्शियम भलत्या ठिकाणी बसतं. रोजच्यासाठी डी-३ आणि फॉस्फरस नसलेलं साधं कॅल्शियम कार्बोनेट वेगळं घ्या. किटमधली डबी, आणि अ जीवनसत्त्व असलेलं मल्टिव्हिटॅमिन, दोन आठवड्यांतून एकदा. म्हशीला घालायचं मिनरल मिक्श्चर किंवा डीसीपी (डायकॅल्शियम फॉस्फेट) घरात असतं म्हणून तेच चिमूटभर देण्याची कल्पना डोक्यात येऊ शकते. त्यात फॉस्फरस असतो, नेमका तोच नको. किडे पिशवीत घालून चिमूटभर पावडर टाका आणि हलवा. बोटाला हळद लागावी एवढाच थर बसला पाहिजे. भजी पिठात घोळवल्यासारखे किडे पिल्लू तोंडात घेत नाही.

किटबरोबर फुकट येणारी मीलवर्मची (एका भुंग्याच्या अळ्यांची) डबी हा रोजचा आहार नव्हे, कवच जाड आणि सत्त्व कमी. पाळलेले रातकिडे मुख्य, सोबत डुबिया झुरळाची पिल्लं, आणि मिळाल्या तर रेशमाच्या अळ्या. अळी तुतीच्या पाल्यावर औषध न मारणाऱ्या शेतकऱ्याकडचीच. किड्याची रुंदी पिल्लाच्या दोन डोळ्यांमधल्या अंतरापेक्षा जास्त नको. या वयात दिवसाला ८ ते १२, सकाळीच. आधी २४ तास किड्यांना शेवग्याचा पाला, गाजर, लाल भोपळा खाऊ घाला. पालक नको, त्यातलं ऑक्झलेट कॅल्शियम अडवून धरतं. उसाच्या रानातले नाकतोडे पकडून आणू नका, फवारणी कधी झाली ते कळायला मार्ग नसतो. आणि पावसाच्या तोंडाशी राधानगरीकडे काजव्यांनी झाडं लखलखतात, त्यातला एकही पिंजऱ्यात जाता कामा नये: अमेरिकेतल्या काही काजव्यांच्या अंगातलं विष सरड्यांचा जीव घेतं, हे सिद्ध झालेलं आहे.

खाण्याचा डबा किटमध्ये नाही. अर्धा किलो श्रीखंडाचा रिकामा डबा त्यासाठी उत्तम: गुळगुळीत भिंतींवर रातकिडा सहसा चढत नाही आणि पांढऱ्या तळावर तो ठळक दिसतो. फांदीपासून वीतभर खाली तारेनं बांधा. संध्याकाळी उरलेले किडे काढून घ्या. रात्री ते झोपलेल्या पिल्लाला चावतात.

मादी असेल तर किटची आणखी एक उणीव चार-पाच महिन्यांनी जाणवते. नराशिवायही मादी अंडी धरते, आणि उकरायला जागा नसेल तर अंडी आत अडकून ती मरू शकते. ३० सेंमी खोल बादलीत ओली वाळू भरून ठेवा. बोगदा केला तर तो ढासळू नये, इतकी ओली. नर की मादी ते ओळखायला मागच्या पायाची टाच बघा. नराला जन्मापासून तिथे बाहेर आलेला छोटा टोचा असतो, मादीला नसतो. एका पिंजऱ्यात एकच, भावंडं असली तरी.

बरेच विक्रेते ‘किट घ्या, पिल्लू सोबत’ अशी जोडणी देतात, ती घेऊ नका. आधी रिकामा पिंजरा आठवडाभर चालवा आणि सकाळ-दुपार-रात्रीचं तापमान वहीत लिहा. आकडे जागेवर आले की पिल्लू बघायला जा. ते तीन महिन्यांचं तरी असावं, डोळे फुगीर आणि सतत फिरणारे असावेत, बोट पकडल्यावर सोडवायला किंचित जोर लागावा. व्हेल्ड ‘साइट्स’च्या, म्हणजे वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या कराराच्या, दुसऱ्या परिशिष्टात येतो, त्यामुळे २०२४ च्या नियमांनुसार त्याची नोंदणी केंद्राच्या परिवेश पोर्टलवर करावी लागते, विक्रेत्याच्या नावावरची नोंद आणि पावती बघूनच पैसे द्या. कागद विचारल्यावर ‘इथल्याच डोंगरातला आहे’ असं उत्तर आलं, तर तो आपला सरडगुहिरा, म्हणजे भारतातला रानटी शॅमेलिऑन. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं त्याला पकडणं, विकणं, घरात ठेवणं गुन्हा आहे. तिथे व्यवहार न करता वन विभागाला १९२६ वर कळवा.