अश्रुपिशवीचा फुगवटा आणि सिलिकॉनची ट्यूब: काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

अश्रुपिशवीच्या, म्हणजे डोळ्यातले अश्रू नाकात जाण्याआधी ज्या छोट्या पिशवीत जमतात तिच्या, भिंतीला आलेला फुगवटा (डायव्हर्टिक्युलम) शस्त्रक्रियेने काढल्यानंतर अश्रुमार्गात बसवलेली सिलिकॉनची ट्यूब मी काही महिने वापरली आणि नुकतीच ती काढण्यात आली. ट्यूबविषयी सांगण्याआधी निदानाविषयी लिहिणे मला अधिक महत्त्वाचे वाटते, कारण या आजारात खरा वेळ तिथेच जातो.

डोळ्याच्या नाकाकडील कोपऱ्याखाली माझ्या मऊ सूज यायची, चार दिवसांनी ओसरायची आणि सर्दी झाली की पुन्हा यायची. डोळ्याला पाणी असायचे, सकाळी पापण्या चिकटायच्या. सिरिंजिंग, म्हणजे पिचकारीने अश्रुमार्गात पाणी सोडून केलेली तपासणी, केले की मात्र पाणी सरळ घशात उतरायचे आणि अहवालात ‘मार्ग मोकळा’ असे लिहिले जायचे. हा निष्कर्ष चुकीचा नसतो, पण अपुरा असतो. फुगवटा मुख्य पिशवीला अरुंद मानेने जोडलेला असतो. पिचकारीतले पाणी त्याला वळसा घालून नाकात जाते आणि आत साचलेला चिकट स्राव तिथेच राहतो. अशा साचलेल्या स्रावात जंतुसंसर्ग होतो, प्रतिजैविकांनी तो शमतो, पण पोकळी कायम असल्यामुळे सूज पुन्हा येते. म्हणून मार्ग मोकळा असूनही सूज वारंवार येत असेल, तर अश्रुमार्गात कॉन्ट्रास्ट, म्हणजे स्कॅनमध्ये उठून दिसणारे द्रव्य, सोडून काढलेल्या सीटी स्कॅनविषयी डॉक्टरांना आवर्जून विचारावे. माझ्या स्कॅनमध्ये पिशवीच्या खालच्या, बाहेरच्या बाजूला कॉन्ट्रास्टने भरलेली एक वेगळी पोकळी स्पष्ट दिसली आणि सगळा उलगडा झाला. (सूज कठीण असेल, कोपऱ्यातील स्नायुबंधाच्या वर पसरत असेल किंवा अश्रूंतून रक्त येत असेल, तर अर्बुदाची (ट्यूमरची) शक्यता तपासावी लागते, तिथे दिरंगाई नको.)

उपचार संसर्ग पूर्ण शमल्यावरच ठरला. तीव्र संसर्गात मार्गात सळई घालणे टाळतात. नाकाकडे जाणारी नळी बंद असेल, तर फुगवट्याबरोबर डीसीआर, म्हणजे पिशवीतून थेट नाकात नवा मार्ग काढण्याची शस्त्रक्रिया करतात. इटलीतील अडेओ तोती यांनी ती 1904 मध्ये मांडली होती. माझी नळी चांगली असल्यामुळे फक्त फुगवटा मानेपासून काढून भिंत शिवण्यात आली, काढलेला भाग बायोप्सीला पाठवला आणि शिवलेली जागा आकसू नये म्हणून ट्यूब ठेवली.

ही ट्यूब वरच्या आणि खालच्या पापणीच्या अश्रुछिद्रांतून आत जाते आणि तिची दोन्ही टोके नाकात असतात. बाहेर दिसतो तो कोपऱ्यातला, दोन छिद्रांना जोडणारा बारीक पारदर्शक दोरा. सुरुवातीला डोळ्यात केस गेल्यासारखे सतत वाटते, विशेषतः नाकाकडे नजर वळवताना. पुढे ती जाणीव बोथट होते. सर्वांत जपावे लागते ते चोळण्यापासून. झोपेत किंवा तोंड पुसताना बोट कोपऱ्यात गेले तर दोऱ्याचा फास बाहेर येऊ शकतो, आणि तो आला तर स्वतः ओढू किंवा कापू नये; चिकटपट्टीने गालाला हलकेच चिकटवून लगेच दवाखाना गाठावा. सुरुवातीचे काही दिवस नाक शिंकरायचे नाही, शिंक आलीच तर तोंड उघडे ठेवून द्यायची. मिठाच्या पाण्याचा नाकातला फवारा मला फार उपयोगी पडला, कारण ट्यूबच्या टोकांवर खपल्या साचल्या की डोळ्याचे पाणी वाढायचे. ट्यूब असेपर्यंत थोडे पाणी येणारच, त्यामुळे त्या काळात शस्त्रक्रिया फसली असे समजू नये. ट्यूब घट्ट बसल्यास ती अश्रुछिद्र चिरत जाऊ शकते, म्हणून प्रत्येक भेटीत डॉक्टर भिंगाखाली छिद्रे पाहत असत आणि ते मला योग्य वाटले.

ट्यूब काढणे मात्र अगदीच सोपे. बधिरतेचे थेंब घातले, कोपऱ्यातला फास कापला आणि ट्यूब नाकातून बाहेर घेतली. बायोप्सीत जुन्या दाहाखेरीज काही आढळले नाही. आता सकाळी पापण्या चिकटत नाहीत, सर्दी होऊन गेली तरी सूज आली नाही. गार वाऱ्यात त्या डोळ्याला अजून थोडे पाणी येते, आणि ट्यूबनंतरही मार्ग आकसू शकतो म्हणून पुढच्या तपासण्या चालू ठेवल्या आहेत.