चेन की शाफ्ट? गोव्याच्या पावसातला हिशेब

जुलैत डिचोलीहून साखळी, केरीमार्गे चोर्ला घाट चढून बघा. घरी परतेपर्यंत बाइकच्या चेनवर तांबड्या चिखलाचा लेप बसलेला असतो. कावासाकी झेड९०० वाल्याने मग ब्रश, क्लीनर, लूब (चेनचं वंगण) काढायचं. पावसात दर पाच-सहाशे किलोमीटरला हे आलंच. शिवाय किनाऱ्यालगत राहत असाल तर खारी हवा आहेच, चार दिवस दुर्लक्ष केलं की गंज.

बीएमडब्ल्यू आर १२५० आर मध्ये हा जाच नाही. चेनऐवजी मागचं चाक फिरवणारा दांडा, म्हणजे शाफ्ट, बंद घरात फिरतो आणि चाकाजवळचे गिअर, म्हणजे फायनल ड्राइव्ह, तेलात. ठरल्या वेळी फायनल ड्राइव्हचं तेल बदला, झालं. पण फुकट काही नाही: शाफ्टचं वजन आलं, आणि गाडी भरते २३९ किलो, झेड९०० साधारण २१२. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात दोन्ही बाजूंनी बाहेर आलेले बीएमडब्ल्यूच्या बॉक्सर इंजिनाचे सिलिंडर सांभाळताना घाम फुटतो. (इथे स्कूटरच बरी, खरं सांगायचं तर.)

ताकद बीएमडब्ल्यूची १३६ विरुद्ध झेड९०० ची १२५ पीएस, फरक किरकोळ. खरी गंमत टॉर्कची, म्हणजे ओढीची. बीएमडब्ल्यूचं १२५४ सीसीचं इंजिन १४३ न्यूटन-मीटर देतं, तेही ६२५० आरपीएमला. घाटात गिअर न बदलता वळणातून उचलतं. झेड९०० चे ९८.६ असले, तरी तिचा चार सिलिंडरचा वरच्या आरपीएमचा आवाज बॉक्सरला कुठला!

किमतीत मात्र कावासाकी कितीतरी स्वस्त. हात बसलेला असेल आणि पावसाळ्यातही लांब जायचं असेल, तर मी शाफ्टच घेईन.