‘ओरिजिनल’ सहा व्होल्टची बॅटरी: बडोद्यात मला काय विकलं गेलं

जुन्या जावा-येझदी मोटरसायकलवाल्यांनी हे वाचून मगच बॅटरीचे पैसे द्यावेत. मला हा माल बडोद्यात मिळाला, पण विकणारा पुण्याला, इंदूरला कुरियरनं पाठवतो असं मोठ्या तोऱ्यात सांगत होता. तेव्हा तिकडेही कुणाच्या तरी गाडीत तो बसला असणार.

आमची गाडी १९६८ची जावा २५०, म्हैसूरच्या आयडियल जावाची. काकांची. पन्नास वर्षांवरच्या गाड्यांसाठी २०२१मध्ये विंटेज नोंदणीचे नियम आले, व्हीए मालिकेचा नंबर मिळतो. ती नोंदणी करून घ्यायचं आमच्या घरात घाटत होतं. विकणाऱ्यानं नेमकी तीच नस पकडली. “तपासणीला बॅटरीसुद्धा त्या काळचीच लागते भाऊ, नाहीतर फाइल परत येते.” हे साफ खोटं आहे. नियमात अट आहे ती चासी, बॉडी आणि इंजिनात मोठे फेरफार नसण्याची. बॅटरी ही टायरसारखी झिजून जाणारी वस्तू, तिच्यावरून कुणाची फाइल अडत नाही. पण मराठीत, आणि तेही अगदी घरच्यासारखं बोलत होता. “तुम्ही दांडियाबाजारातले ना? मग आपल्या माणसाला मी चुकीचं देईन का?” बडोद्यात दुकानदार मराठी निघाला की आपण घासाघीस अर्ध्यावर सोडतो, हे त्यालाही ठाऊक असावं.

बॅटरी दिसायला झकास होती. काळ्या रबरी खोक्याची, वर तीन बुचं, जुन्या धाटणीचं लेबल, त्यावर ६ व्होल्ट, क्षमता १४ अँपिअर-तास. गोडाऊनमध्ये पडून राहिलेला न वापरलेला जुना स्टॉक, आतून नव्यानं चार्ज केलेला, असं वर्णन. किंमत ३,२०० रुपये. बुचं उघडायची नाहीत, उघडलीत तर गॅरंटी गेली. बिल मागितलं तर म्हणाला, बिल हवं तर जीएसटी वेगळा लागेल. पैसे यूपीआयनं घेतले आणि खात्यावर नाव भलत्याच कुणाचं. आमची जुनी मेलेली बॅटरी ‘कचरा’ म्हणून तोच घेऊन गेला. त्यातल्या शिशाचे पैसे येतात, तेही त्याच्याच खिशात.

बसवल्यावर पहिल्या किकला गाडी सुरू झाली. दिवसा काही कळलं नाही. रात्री सूरसागरच्या बाजूनं येताना सिग्नलला उभा राहिलो तर हेडलाइट पिवळा, मग तांबूस, आणि इंजिन खाकरायला लागलं. ढकलत घरी आणली. बॅटरीच्या खोक्याला हात लावला तर ते तापलेलं, आणि एका अंगानं फुगलेलं.

आमचा मेकॅनिक गुजराती, बोलायला कमी. त्यानं बॅटरी बाहेर काढून कानाशी धरून हलवली. अॅसिडची बॅटरी हलवली की आत डुचमळल्याचा आवाज येतो, इथे काहीच नाही. मग पान्यानं बुचं फिरवून पाहिली. तिन्ही चिकटवलेली. शेवटी हॅक्सॉच्या पात्यानं खोकं कापलं. आत घट्ट बसलेलं पांढरं प्लास्टर ऑफ पॅरिस, आणि त्याच्या मधोमध एक इवलीशी करड्या रंगाची सीलबंद बॅटरी. इमर्जन्सी लाइटमध्ये किंवा पोरांच्या बॅटरीवर चालणाऱ्या गाडीत असते ती. तिच्यापासून दोन वायरी वरच्या टर्मिनलांना खालून डाग देऊन जोडलेल्या. मेकॅनिक एवढंच म्हणाला, “आ तो रमकडानी बेटरी छे.” खेळण्यातली बॅटरी! बाजारात चारशे-पाचशेला मिळते. प्लास्टर कशाला, तर हातात घेतल्यावर वजन लागावं म्हणून. याला कारागिरीच म्हणायची.

आतल्या बॅटरीवर तिचं स्वतःचं लेबल शाबूत होतं: ६ व्होल्ट, ४.५ अँपिअर-तास, चार्जिंगचा करंट १.३५ अँपिअरपेक्षा कमी ठेवावा. आता हिशोब करा. जावाचा डायनामो ४५ वॅटचा, म्हणजे सहा व्होल्टला सात-साडेसात अँपिअरपर्यंत देऊ शकणारा. गाडी पळते तेव्हा तो या बॅटरीच्या घशात पेलवेल त्याच्या कितीतरी पट कोंबतो. आणि सिग्नलला इंजिन मंद झालं, गाडीवरचा चार्जिंगचा लाल दिवा लागला, की डायनामो काही देतच नाही. तेव्हा ३५ वॅटचा हेडलाइट एकटाच सहाएक अँपिअर ओढतो, वर इग्निशन कॉइल. जावाची ठिणगी बॅटरीवरच चालते, त्यामुळे बॅटरी बसली की इंजिनही बसलं. एकीकडून भाजणं, दुसरीकडून उपसणं. फुगणार नाही तर काय.

मुळात ‘न वापरलेली पण जुनी’ बॅटरी हा प्रकारच फसवा आहे. अॅसिड भरलेली बॅटरी वर्षानुवर्षं पडून राहिली की प्लेटांवर सल्फेट धरतं आणि ती मरते, मग खोकं कितीही चकचकीत असो. कुणी ती दाखवायची वस्तू म्हणून विकत असेल तर जरूर घ्या, कपाटात ठेवा.

मी नंतर रस्त्यावरच्या साध्या बॅटरीच्या दुकानातून कोरडी, म्हणजे अॅसिड न भरलेली, सहा व्होल्टची घेतली, क्षमता तीच १४. जाताना गाडीतल्या बॅटरीच्या डब्याची लांबी, रुंदी आणि टर्मिनलसकट उंची मोजून नेली होती. टर्मिनल वरच्या पत्र्याला टेकलं तर शॉर्ट होतो, म्हणून मध्ये रबराचा तुकडा घातलाय. अॅसिड समोर भरून घेतलं, अर्धा तास मुरू दिलं, मग १.४ अँपिअरवर सावकाश चार्जिंग. ‘अर्ध्या तासात फास्ट चार्ज करून देतो’ म्हणणाऱ्याकडे देऊ नका. पूर्ण चार्ज झालेली सहा व्होल्टची बॅटरी चार्जरवरून काढून काही तास ठेवली तरी मीटरवर ६.३च्या आसपास दिसली पाहिजे. बॅटरीतला गॅस बाहेर सोडणाऱ्या नळीच्या तोंडावरची टोपी चार्जिंगआधीच काढा, ती राहिली तर गॅस कोंडून खोकं फुटतं. नळी चेन आणि सायलेन्सरपासून लांब, थेट खाली सोडा, नाहीतर अॅसिड क्रोम खातं. पुढे पाणी कमी झालं तर फक्त डिस्टिल्ड वॉटर.

कुठलं टोक बॉडीला जातं ते गाडीवर पाहूनच जोडा. जुन्या ब्रिटिश गाड्यांत, बीएसए-ट्रायम्फमध्ये, पुष्कळदा प्लस बॉडीला असतो. आणि ‘बारा व्होल्टची टाका, लाइट फर्स्टक्लास पडेल’ हा सल्ला देणारेही भेटतील. सहा व्होल्टचे बल्ब उडतील, कॉइल तापेल, आणि सहा व्होल्टचा डायनामो ती बॅटरी चार्ज करूच शकणार नाही.

पैशांचं म्हणाल तर विकणाऱ्याला कापलेल्या खोक्याचे फोटो पाठवले. आधी म्हणाला, विंटेज मालाला वॉरंटी नसते. ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ नंबरवर विचारून मी त्याला लेखी नोटीस धाडली. पाच लाखांपर्यंतच्या मालासाठी जिल्हा ग्राहक आयोगात फी लागत नाही, वकीलही सक्तीचा नाही, फक्त दोन वर्षांच्या आत जावं लागतं. बिल नसलं तरी यूपीआयची नोंद आणि व्हॉट्सअॅपवरचं बोलणं जपून ठेवलंय. नोटीस पोचल्यावर त्याचा फोन आला, आवाज तसाच गोड: “भाऊ, वाद कशाला? दुसरा पीस पाठवतो, अगदी सेम.” मी पैसेच परत मागितलेत. आले नाहीत तर अर्ज तयार आहे.