लाइनआउटचा रोबो: तीन मजले आखून घेतल्यावर

गेली १९ वर्षं मी साइटवर लाइनआउट करते. स्लॅबखालचं सेंट्रिंग (टेकूंचा साचा) निघालं, मजला झाडून झाला, की कुठली भिंत कुठून जाणार, दार कुठे, शाफ्ट कुठे, हे जमिनीवर आखून गवंड्याच्या हाती देणं हे माझं काम. यंदा पहिल्यांदाच हे काम रोबोकडून करून घेतलं. भाड्याने येणारी सेवा होती, यंत्र त्यांचं आणि चालवणारा माणूसही त्यांचाच. नाव लिहीत नाही, कारण मला सांगायचं आहे ते या जातीच्या यंत्राबद्दल. ते मागवायचा विचार करणाऱ्यांना हा अनुभव उपयोगी पडेल.

चाकांवर चालणारा, प्रवासी बॅगेएवढा डबा. डोक्यावर काचेचा प्रिझम, पोटात शाईचं छपाईयंत्र. मजल्यावर ट्रायपॉडवर रोबोटिक टोटल स्टेशन उभं असतं. ते प्रिझमवरची नजर हलू देत नाही, सतत कोन आणि अंतर मोजतं आणि रोबोला त्याची जागा कळवत राहतं. हिल्टी कंपनीचा २०२० साली आलेला जायबॉट हा रोबो छताला भोकं पाडतो, तोही अशीच टोटल स्टेशनकडून जागा घेतो. म्हणजे आखणीची अचूकता डब्याइतकीच त्या ट्रायपॉडवर अवलंबून आहे. पुढचं सगळं याच एका गोष्टीभोवती फिरतं.

आधी मनापासून आवडलेलं सांगते. हाताने आखताना आपण एका रेघेवरून दुसरी घेतो, दुसरीवरून तिसरी. दोन मिमीची चूक पुढच्या खोलीत चार होते, पॅसेजच्या टोकाला कधी दहा. त्यात ३० मीटरची पोलादी टेप उन्हाने १० अंशांनी तापली की साधारण साडेतीन मिमी लांब होते. रोबो प्रत्येक बिंदू थेट ग्रिडवरून, म्हणजे ड्रॉइंगमधल्या ठरलेल्या आधाररेषांवरून घेतो, त्यामुळे पहिल्या खोलीतली चूक शेवटच्या खोलीत पोचतच नाही. पहिल्या मजल्यावर मी टोकाच्या खोल्या स्वतः मोजल्या. कुठेही दोन मिमीच्या वर फरक नव्हता.

आणि गोल भिंत! लॉबीत ६ मीटर त्रिज्येची भिंत आहे. हाताने ती आखायची तर ४ मीटरची जीवा धरायची, मध्यावर ३४३ मिमीचा ऑफसेट (जीवेपासून कमानीपर्यंतचं अंतर) घ्यायचा, मग अधलेमधले ऑफसेट काढून बिंदू जोडत बसायचं. त्रिज्येचं केंद्र लिफ्टच्या शाफ्टमध्ये पडत असल्यामुळे दोरी धरून फिरवायचीही सोय नव्हती. रोबोने ती कमान न थांबता काढली. शेजारी दाराची मापं, स्लीव्हचा (भिंतीतून पाइप नेण्याच्या नळीचा) व्यास, भिंतीची जाडी अक्षरांत छापली. गवंड्याला ड्रॉइंग उलगडायचं कारणच उरलं नाही. मी तिथे उभी राहून ती ओली रेघ वाळेपर्यंत बघत होते.

रोबोला द्यायची फाइल तयार करायला मात्र पूर्ण दिवस गेला, आणि तो वाया गेला असं मी म्हणणार नाही. आर्किटेक्टच्या ड्रॉइंगमध्ये भिंती प्लास्टरसकट होत्या, गवंड्याला लागते ब्लॉकची कड. ते वेगळं करताना कळलं की शौचालयाची भिंत आणि आरसीसी ड्रॉइंगमधली सनकन (खाली उतरवलेल्या) स्लॅबची कड ५० मिमीने जुळत नाही. एरवी हे भिंत तीन थर वर आल्यावर कळतं आणि मग फोनाफोनी सुरू होते. या वेळी ते टेबलावरच मिटलं.

आता दुसरा मजला. त्या दिवशी सेवेवाल्यांचा माणूस बदलून आला होता. ट्रायपॉड त्याने मोठ्या हॉलच्या अगदी मध्यावर लावला. आखणी झाली, पडद्यावर १ मिमीची तफावत दाखवत होतं, तो सामान आवरायला लागला. आमचे मिस्त्री तेवढ्यात टेप घेऊन आत गेले. थोड्या वेळाने हाक आली, "मॅडम, इकडे या जरा. कर्ण दोन्ही सारखे येताहेत, पण माप बसत नाही."

हॉल ७२०० बाय ४५०० मिमीचा. कर्ण ८४९१ यायला हवा. दोन्ही कर्ण ८५५१ भरत होते, म्हणजे हॉल गुण्यात (काटकोनात) आहे असंच कोणालाही वाटलं असतं. मध्यावर रुंदी ७२६०, टोकांना ७२५१. मिस्त्रींनी रेघेच्या दोन टोकांना दोरा ताणून धरला आणि म्हणाले, "ही बघा, मधे पोट धरतेय." खरंच धरत होती, पाचेक मिमीचं.

सरळ भिंतीला पोट! तिथेच माझ्या डोक्यात उजेड पडला. प्रत्येक बिंदू ट्रायपॉडपासून सारख्याच अंतराने, ३० मिमी बाहेर ढकलला गेला होता. म्हणून कर्ण दोन्हीकडे सारखे वाढले. जवळचा मध्यबिंदू सरळ बाहेर गेला आणि कोपरे तिरपे गेले, म्हणून पोट. मजल्यावरच्या नियंत्रण-बिंदूंवर (जागा आधीच पक्की माहीत असलेल्या खुणांवर) एक प्रिझम लावून टोटल स्टेशनची जागा ठरवली होती आणि रोबोच्या डोक्यावरचा प्रिझम दुसऱ्या जातीचा होता. प्रत्येक प्रिझमचा स्वतःचा स्थिरांक, म्हणजे मोजलेल्या अंतरात करायची ठरावीक दुरुस्ती, असतो, तो यंत्रात भरावा लागतो. नव्या माणसाने तो बदललाच नव्हता. पडद्यावरची १ मिमी खरीच होती, पण यंत्र ते माप स्वतःच्याच मोजणीशी ताडून दाखवत होतं.

रोबोत बिघाड नव्हता, तरी माझी तक्रार गंभीर आहे. आखणीनंतर बाहेरच्या साधनाने मोजून दाखवणं हा सेवेचा भाग असायला हवा, तो नव्हता. मिस्त्री आत गेले नसते तर दुसऱ्या दिवशी ब्लॉक लागले असते. सेवेवाल्यांनी चूक मान्य केली आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा आखून दिलं. जुन्या रेघा ग्राइंडरने घासाव्या लागल्या, कारण दोन रेघांपैकी खरी कुठली हे विचारायची वेळ गवंड्यावर आणायची नसते.

याहून खोल प्रश्न कॉलमचा आहे. तिसऱ्या मजल्यावर एक कॉलम ग्रिडपासून १२ मिमी आत सरकलेला होता. मिस्त्री भिंत आखतात ती कॉलमच्या कडेवरून, त्यामुळे भिंत आणि कॉलम एका पातळीत येतात. रोबो रेघ ग्रिडवर काढणार होता, म्हणजे जिथे कॉलम असायला हवा होता तिथे. तशीच भिंत बांधली असती तर त्या कडेला १२ मिमीच्या जागी २४ मिमी प्लास्टर चढवावं लागलं असतं, म्हणजे प्लास्टरचे दोन हात (थर). लिफ्टच्या शाफ्टमध्ये नेमकं उलट आहे. तिथे गाइड रेल वरपासून खालपर्यंत ओळंब्यात हवी, कॉलम काहीही म्हणो, ग्रिडच पाळायचा. कुठे ग्रिड आणि कुठे कॉलम, हे फाइलमध्ये कुणी लिहिलेलं नसतं. ते ठरवायला अजून माणूस लागतो आणि त्या माणसाला आधी मजला फिरून कॉलम तपासायला वेळ द्यावा लागतो. तिसऱ्या मजल्यावर मी तो दिला, फाइलमध्ये सहा भिंती हाताने दुरुस्त केल्या, मग छपाई करून घेतली.

मजला तयार नसेल तर रोबो बोलावू नका. सिमेंटचा भुगा राहिला तर शाई त्यावर बसते आणि झाडूबरोबर जाते. क्युरिंगचं पाणी असेल तिथे रेघ फुटते. आमच्याकडे वरच्या स्लॅबचे काही प्रॉप (टेकू) अजून उभे होते. त्यांच्या आड रोबो गेला की टोटल स्टेशनची नजर तुटे, तो जागेवर थांबे आणि ट्रायपॉड हलवावा लागे. पहिल्या मजल्यावर असं सात वेळा झालं. मोकळ्या मजल्यावर जे काम पाच तासांत झालं, त्याला प्रॉपच्या जंगलात दिवस गेला. आम्हाला हाताने एरवी दोन दिवस लागतात.

सेवेबरोबर हेल्मेटवरच्या ३६० अंश कॅमेऱ्याची सोयही होती. मजला चालून आलं की कृत्रिम बुद्धिमत्ता ते फोटो इमारतीच्या संगणकीय मॉडेलशी ताडून काय झालं, काय राहिलं ते सांगते. प्लास्टरच्या आधी तिने दोन स्विचबॉक्स राहिल्याचं दाखवलं, ते आमच्या नजरेतून सुटले होते. त्याबद्दल आभार. पण डक्टच्या मागे स्लीव्हभोवतीची फट आगरोधक मालाने भरलेली नव्हती आणि अहवालात ती भिंत 'पूर्ण' होती. फोटोत न आलेलं तिला माहीत नाही. आग आणि पाणी यांच्याशी संबंध असलेलं काम मी त्या अहवालावर सोडणार नाही.

चौथ्या मजल्यासाठी मी रोबोच सांगितला आहे. तीन अटी घातल्या आहेत. प्रिझमचा स्थिरांक माझ्यासमोर भरायचा. आखणीनंतर ट्रायपॉडच्या दोन विरुद्ध बाजूंच्या रेघांमधलं अंतर साध्या टेपने मोजून द्यायचं. आणि मजला ताब्यात देण्याआधी एक दिवस कॉलम तपासायला मिळायला हवा. मिस्त्रींनी चौथ्या मजल्याच्या सगळ्या खोल्यांचे कर्ण आणि रुंद्या आताच वहीत उतरवून घेतल्या आहेत.